सल्ला : कलेचा तास उरकून टाकावा का?

वाचक ताईंचं पत्र, थोडं संक्षिप्त करून :

‘आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो. मुलगी आठवीत आहे. येत्या ऑगस्टपासून ती मुलींच्या एका कॅथलिक हायस्कूलमध्ये नववीत जाईल. शाळा आम्ही अभ्यास आणि शिस्त बघून निवडली. आता विषय निवडायचा फॉर्म आलाय आणि घरात रोज त्यावरून बोलणी चालू आहेत. ऐच्छिक विषयाला एकच तास आहे. तिला नाटक हवंय, ते नाही मिळालं तर चित्रकला. यजमान म्हणतात, एवढी फी नाटकासाठी भरायची नाही. कम्प्युटर सायन्स घे, आणि कॉलेजसाठी कलेची जी वर्षभराची अट आहे ती उन्हाळ्यात ऑनलाइन उरकून टाक. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांनी शाळेच्या कॉन्सर्टचा व्हिडिओ पाहिला, त्यात चर्चची गाणी होती, तेव्हापासून त्यांना वेगळीच काळजी. मुलगी लहानपणापासून कथक शिकते, ते सुटेल अशी मला भीती वाटते. शाळेच्या माहितीपत्रकात ‘व्हिज्युअल अँड परफॉर्मिंग आर्ट्स’ या नावाखाली इतकं काही आहे की मला त्यातलं नीट काही कळलं नाही. मी स्वतः चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणीत पास झाले होते, नंतर ब्रश कधी हातात घेतला नाही, ते असो. आणि उद्या ती म्हणाली की मला कलाच करायची आहे, तर आम्ही काय करायचं?’

प्रिय ताई,

नाटक घेऊ द्या. नववीतच घेऊ द्या, आणि शाळेत, वर्गात, शिक्षकांसमोर घेऊ द्या. आता असं का म्हणते ते सांगते. तुमच्या यजमानांनाही हे पत्र वाचायला द्या, कारण बराचसा हिशोब त्यांच्यासाठीच मांडते आहे.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दोन्हींच्या प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये ठरावीक 15 वर्षभराचे कोर्स पूर्ण करावे लागतात. त्यांना ‘ए-जी’ म्हणतात, कारण ए ते जी अशी त्यांच्या विषयगटांना अक्षरं आहेत. त्यातला ‘एफ’ म्हणजे कला. वर्षभर, शक्यतो एकाच शाखेत : नृत्य, संगीत, नाटक किंवा दृश्यकला. सहा महिने नाटक आणि सहा महिने चित्रकला अशी सरमिसळ या अटीत सहसा बसत नाही, म्हणून शाळेच्या काउन्सेलरना नेमका कोर्स दाखवून विचारा. कोर्स खासगी शाळेतला असला तरी तो युनिव्हर्सिटीच्या मान्य यादीत असावा लागतो. म्हणजे कला ही या मुलीच्या वाटेत तशीही येणारच आहे. गणिताइतकीच ती प्रवेशाची अट आहे. तुमच्या घरातला वाद एवढ्यापुरताच उरतो की ती कला चांगल्या शिक्षकांसमोर, मुलींच्या घोळक्यात शिकायची की जुलैमध्ये लॅपटॉपसमोर बसून.

यजमानांना आणखी एक गोष्ट सांगा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जो जीपीए, म्हणजे सरासरी ग्रेड, काढते त्यात नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच गुण धरते. नववीतले विषय पूर्ण झालेले दिसावे लागतात, त्यात किमान ‘सी’ लागतो, ट्रान्स्क्रिप्टवर ग्रेड दिसतेही, पण तिथल्या हिशोबात ती येत नाही. इतर बरीच कॉलेजं चारही वर्षं बघतात, त्यामुळे ‘नववीला महत्त्वच नाही’ असं कुणी समजू नये. तरीही ज्या विषयात मूल आधी कधी उतरलेलं नाही तो धीटपणे करून बघायला नववीइतकं मोकळं वर्ष पुन्हा मिळत नाही. कम्प्युटर सायन्स दहावीत घेता येतं, अकरावीत घेता येतं. नाटकात दहावीत नव्याने शिरणाऱ्या मुलीला मात्र आधीच जमलेल्या मैत्रिणींच्या कोंडाळ्यात जागा करून घ्यावी लागते. हे मी अशा शाळांच्या तालमींना हजेरी लावून पाहिलंय.

आता तुम्हाला न कळलेलं माहितीपत्रक. या मोठ्या नावाखाली साधारण दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि पालकांचा गोंधळ तिथेच होतो. एक म्हणजे वर्गातला विषय : नाटक एक, नाटक दोन, कॉयर (समूहगान), ऑर्केस्ट्रा, नृत्य, चित्रकला, सिरॅमिक्स, फोटोग्राफी. त्याला ग्रेड मिळते आणि तो ‘एफ’मध्ये धरला जातो. दुसरी म्हणजे शाळा सुटल्यावरची निर्मिती : शरद ऋतूत एक गद्य नाटक आणि वसंतात एक म्युझिकल, ही बऱ्याच शाळांची रीत. त्यासाठी ऑडिशन द्यावी लागते, तालमी संध्याकाळी असतात आणि ग्रेड बहुधा नसते. मुलगी वर्गात नाटक शिकते म्हणून तिला निर्मितीत भूमिका मिळेलच असं नाही, आणि वर्गात नसलेली मुलगीही ऑडिशनला जाऊ शकते. फॉर्मवर तुम्ही वर्गातला विषय निवडताय. संध्याकाळचं पुढे बघता येईल.

निर्मितीबद्दल आधीच सांगून ठेवते, म्हणजे सप्टेंबरमध्ये घरात रडारड होणार नाही. नववीतल्या मुलीला मुख्य भूमिका क्वचित मिळते. समूहात उभं राहायला मिळेल, नाहीतर पडद्यामागच्या क्रूमध्ये. दारावर पात्रयादी लागते तो दिवस अवघड असतो. त्या दिवशी ‘कशाला गेलीस’ असं कुणी म्हणू नये, आणि दिग्दर्शक बाईंना ईमेल तर मुळीच करू नये. भूमिका नाही मिळाली तर क्रूमध्ये जायला सांगा. मुलींच्या शाळेची खरी श्रीमंती तिथेच आहे.

ही बाब माझ्या जिव्हाळ्याची आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. मुलं-मुली एकत्र असलेल्या शाळांमधल्या नाटकांत माझ्या पाहण्यात एक वाटणी आपोआप होत जाते. मुली वेशभूषेकडे आणि मेकअपकडे, मुलं शिडीवर, दिव्यांकडे आणि करवतीकडे. कुणी सांगत नाही, तरी होते. मुलींच्या शाळेत शिडीवर चढायला मुलीशिवाय कुणी नसतंच. लाकूड मापून कापणं, फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, उभे करणं, लाइट बोर्ड प्रोग्राम करणं, आवाजाची जोडणी तपासणं हे सगळं पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी करतात. आणि स्टेज मॅनेजर! विंगेत हेडसेट लावून, संहितेची खुणा केलेली वही समोर उघडून ती प्रत्येक दिव्याचा, आवाजाचा, पडद्याचा क्यू, म्हणजे इशारा, देते. प्रयोग सुरू झाला की दिग्दर्शकही प्रेक्षकांत बसतो, सगळं तिच्या शब्दावर चालतं. ज्या वयात मुली वर्गात हात वर करायला बिचकायला लागतात त्या वयात एखादीला असं काम मिळणं ही मोठी गोष्ट आहे. तुमच्या यजमानांना कम्प्युटर हवाय ना? हल्लीचा लाइट बोर्ड म्हणजे कम्प्युटरच असतो, आणि त्याच्या चुका तीनशे लोकांसमोर दिसतात.

पुरुष पात्रांचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. जवळच्या मुलांच्या कॅथलिक शाळांमधून मुलं ऑडिशनला येतात, ही जुनी पद्धत आहे. काही वेळा मुलीच पुरुष पात्रं करतात. नावाजलेल्या म्युझिकलचे हक्क परवाना देणाऱ्या कंपनीकडून घ्यावे लागतात आणि संहितेत परस्पर बदल करता येत नाहीत, त्यामुळे कुठल्या पात्राचं काय करायचं हे शाळेच्या एकटीच्या हातात नसतं. तालमीत मुलगे असणार हे सासूबाईंना नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आपल्या मुलींच्या बाबतीत आणखी एक बघा. शाळेने गेल्या काही वर्षांत कुठली नाटकं केली आणि मोठ्या भूमिकांत कुठल्या मुली होत्या, हे जुन्या कार्यक्रमपत्रिकांवरून दिसतं. आशियाई, लॅटिना, कृष्णवर्णीय मुलींना फक्त मागच्या रांगेत उभं करत असतील तर ते समोर येईलच. ओपन हाउसला, म्हणजे पालकांना शाळा बघायला बोलावतात त्या दिवशी, दिग्दर्शक बाईंना सरळ विचारा, ‘तुम्ही भूमिका कशा वाटता?’ चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता सासूबाईंची काळजी. ती उडवून लावू नका. त्यांनी व्हिडिओत जे पाहिलं ते खरं आहे. कॅथलिक शाळेत कला आणि प्रार्थना यांच्यामध्ये भिंत नसते. कॉयर मासला, म्हणजे चर्चच्या सामुदायिक उपासनेला, गाते, नाताळच्या कॉन्सर्टमध्ये लॅटिन स्तोत्रं असतात, धर्माचा तास बहुतेक ठिकाणी चारही वर्षं सक्तीचा असतो. शाळा निवडली तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं, ते घरात मोकळेपणाने बोलून टाका. त्याचबरोबर हेही सांगा की अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांमध्ये साधारण पाचात एक विद्यार्थी कॅथलिक नसतो. अशा मुली मासला बसतात, उभ्या राहतात, पण कम्युनियन, म्हणजे तिथला भाकरीचा प्रसाद, घेत नाहीत. जागेवर बसून राहतात किंवा हात छातीवर दुमडून फक्त आशीर्वाद घेतात. कॉयरमध्ये गायलं म्हणजे कुणी धर्म बदलला असं होत नाही. तुमच्या लेकीने तर कॉयर मागितलेलंच नाही, नाटक मागितलंय. तरी उद्या तिला एखादं स्तोत्र म्हणायला अवघड वाटलं तर तसं सांगायची मोकळीक आहे का, एवढं शाळेला विचारून ठेवा.

सासूबाईंशी बोलताना एक विषय मी काढला असता. जुनी हिंदी गाणी त्या ऐकत असतीलच. त्या गाण्यांमधली व्हायोलिनं, ट्रम्पेटं, सॅक्सोफोन वाजवणारे आणि त्यांच्या ओळी कागदावर लिहिणारे कितीतरी वादक गोव्याचे कॅथलिक होते. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या पॅरिश शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, ते चर्चच्या उपासनेसाठी. तिथे तयार झालेली माणसं मुंबईला आली आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वाद्यमेळ रचत. सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांच्याबरोबर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. अँथनी गोन्साल्विस यांनी कित्येकांना व्हायोलिन शिकवलं. चर्चमधली संगीताची शिकवणी आपल्या देवघरातल्या रेडिओपर्यंत कधीच येऊन पोचली आहे आणि तिने कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

आणि या परंपरेत बायकांचा हात फार जुना आहे. बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची मठाधिपती होती. तिने आपल्या मठातल्या साध्वींसाठी सद्गुण आणि सैतान यांच्या झगड्याचं एक संगीतनाटक रचलं. त्यात सगळे गातात, फक्त सैतान गात नाही, तो ओरडतो. त्याला संगीत द्यायचंच नाही हा विचार करणारी नाटककार किती पक्की असेल बघा.

तुमच्या शहरातलं उदाहरण तर याहून जवळचं आहे. लॉस एंजेलिसच्या लॉस फेलिझ भागात इमॅक्युलेट हार्ट नावाचं मुलींचं कॅथलिक हायस्कूल 1906 पासून आहे. अभिनेत्री मेरी टायलर मूर आणि मेगन मार्कल दोघी तिथल्याच विद्यार्थिनी. याच साध्वींच्या संघाने शेजारी चालवलेल्या कॉलेजात सिस्टर कोरिटा केंट चित्रकला शिकवत. 1918 चा जन्म, अठराव्या वर्षी संघात आलेल्या. सेरिग्राफ, म्हणजे रेशमी जाळीतून छापलेली चित्रं, हे त्यांचं माध्यम. 1962 मध्ये त्यांनी पॉप आर्टचे चित्रकार अँडी वॉरहॉल यांची सूपच्या डब्यांची चित्रं लॉस एंजेलिसमध्येच पाहिली. त्यानंतर त्या किराणा दुकानातली पाकिटं, जाहिरातींची अक्षरं, रस्त्यावरच्या पाट्या उचलून त्यांतून प्रार्थना आणि युद्धविरोध छापू लागल्या. 1964 मध्ये कॉलेजातला मेरीचा वार्षिक सण त्यांनी आणि विद्यार्थिनींनी फुलांनी आणि फलकांनी भरलेल्या रंगीत मिरवणुकीत बदलला. आर्चबिशपांच्या कार्यालयाला हे सगळं फारसं रुचलं नाही. 1968 मध्ये कोरिटांनी साध्वीपण सोडलं आणि त्या बॉस्टनला गेल्या. 1985 मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्यांचं इंद्रधनुषी रेघांचं ‘लव्ह’ तिकीट काढलं, ते घराघरांत गेलं. वर्षभराने त्या वारल्या.

कोरिटांचं नाव काढलं ते त्यांच्या शिकवण्याच्या एका रीतीसाठी. पुठ्ठ्याला छोटी चौकोनी खिडकी पाडून त्या विद्यार्थिनींच्या हातात देत आणि बाहेर पिटाळत. त्या खिडकीतून पेट्रोल पंप बघा, गाडीचं चाक बघा, एकच तुकडा बराच वेळ बघा. विषय सुंदर असावा लागत नाही, बघणारी जागी असावी लागते, हे त्या कोवळ्या मुलींना तिथे समजायचं. शाळेतल्या कलेच्या तासाला मी याच मापाने मोजते. शिक्षक मुलीला बघायला लावतात की नुसतं सजवायला लावतात? ओपन हाउसला भिंतींवरची कामं बघा. सगळ्या मुलींचं चित्र एकाच साच्यातलं असेल तर सावध व्हा. कामं एकमेकींपासून वेगळी, काही फसलेलीसुद्धा, आणि शेजारी कच्च्या रेखाटनांच्या वह्या ठेवलेल्या असतील तर शिक्षक चांगले आहेत असं खुशाल समजा.

चित्रकला तिची दुसरी पसंती आहे, म्हणून त्या वाटेबद्दल थोडं. अकरावी-बारावीत कॉलेज बोर्डाचा एपी (कॉलेजच्या पातळीचा) आर्ट अँड डिझाइन कोर्स घेता येतो : ड्रॉइंग, द्विमितीय किंवा त्रिमितीय. त्याला लेखी परीक्षा नसते. मे महिन्यात पोर्टफोलिओ द्यायचा. एका प्रश्नाचा माग काढत केलेल्या कामाच्या 15 प्रतिमा, त्यांना 60 टक्के, आणि निवडक 5 कामं, त्यांना 40 टक्के. सोबत आपण काय शोधत होतो आणि प्रयोग करताना काम कसं बदललं हे थोडक्या शब्दांत लिहायचं. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं कुठल्याच टप्प्यावर चालत नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या जीपीएत एपी कोर्सला मिळणारा जादा गुण यालाही मिळतो, हेही यजमानांच्या कानावर घाला. पण इथवर पोचायला आधीची दोन-तीन वर्षं हाताला सवय लागते. उन्हाळ्यात उरकलेल्या कोर्सने ती लागत नाही. म्हणूनच वर्षभराची अट आणि कलेचं शिक्षण या दोन गोष्टी मी वेगळ्या मानते. अट एका वर्षात संपते. शिक्षणाला एक शाखा धरून चार वर्षं द्यावी लागतात, आणि ती देण्याजोगी शाळा तुम्ही आधीच निवडली आहे.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत. त्यातला एक प्रश्न सरळच विचारतो की तुमची सर्जनशील बाजू कशी व्यक्त होते. ज्या मुलीने चार वर्षं सेट रंगवले, संवाद विसरले आणि पुन्हा उभे केले, तिच्याकडे लिहायला ऐवज असतो. यासाठीच नाटक करा असं मी म्हणत नाहीये. फॉर्मच्या हिशोबातसुद्धा तिचं नुकसान होत नाही, एवढंच दाखवायचं आहे.

कथकबद्दलची तुमची भीती खरी आहे आणि तिचा उपाय कॅलेंडरात आहे. शाळेचं वेळापत्रक ऑगस्टमध्येच मिळतं. ऑडिशनच्या फॉर्मवर ‘कोणत्या दिवशी येऊ शकणार नाही’ अशी यादी मागतात. तिथे कथकचे तास, गुरूंचा वार्षिक कार्यक्रम, गणपतीत मंडळाचा काही कार्यक्रम असेल तो दिवस, दिवाळी, सगळं आधी लिहा. आधी सांगितलेली अडचण दिग्दर्शक सांभाळून घेतात. आयत्या वेळी सांगितलेली नाही. प्रयोगाआधीच्या आठवड्याला टेक वीक म्हणतात, त्यात रोज रात्रीपर्यंत तालीम असते आणि तिथे सुट्टी मिळत नाही. त्या आठवड्यापुरती कथकला रजा घ्या आणि गुरूंना महिनाभर आधी सांगा. बाहेरचा कथकचा क्लास शाळेच्या मान्य यादीत नसल्यामुळे ‘एफ’मध्ये धरला जाणार नाही, हेही लक्षात ठेवा. आणि शाळेत नृत्य घ्यावं का, असं विचाराल तर नको. टाचेचं इतकं काम करणाऱ्या पायांना आणखी एका शैलीचे तास म्हणजे गुडघ्यांवर ताण. नाटकाला मात्र कथकचा फायदाच होईल. गतभावात, म्हणजे कथकमधल्या अभिनयाने गोष्ट सांगण्याच्या भागात, एकटीने दोन पात्रं उभी करणाऱ्या मुलीला रंगमंचावर वळायचं कसं हे शिकवावं लागत नाही.

इथे तुमच्या यजमानांना एक विचारावंसं वाटतं. कथकच्या क्लासला तुम्ही इतकी वर्षं मुलीला गाडीने नेता-आणता, फी भरता, घुंगरू आणता, आणि त्याला कुणी वेळेचा अपव्यय म्हणत नाही. ते संस्कार आहेत. मग तेच कष्ट, तीच तालीम, तीच लोकांसमोर उभं राहण्याची हिंमत शाळेच्या नाटकात आली की ती चैन कशी होते? मला वाटतं, नाटक आपल्या ओळखीच्या भाषेत नाही, आपल्या माणसांसमोर नाही, म्हणून ते आपलं वाटत नाही. पण ते तुमच्या मुलीच्या भाषेत आहे आणि तिच्या माणसांसमोर आहे. तिने दोन्हीकडे उभं राहावं. इतर मराठी घरांतही नाटक आणि इंजिनिअरिंग एकाच छपराखाली नांदतं, हे तुमच्या मंडळातलीच मंडळी तुम्हाला सांगतील. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, अधिवेशनात, 2015 ला तुमच्याच भागात अनाहाइमला झालं होतं, रंगमंचावरचे निम्मे लोक दिवसा कम्प्युटरसमोर बसणारे असतात.

आता तुमच्याबद्दल. ‘ते असो’ म्हणून तुम्ही जे वाक्य झाकून टाकलंत ते मी वाचलं. इंटरमिजिएटची ‘अ’ श्रेणी सहज मिळत नाही. स्मरणचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, भूमिती, एवढं सगळं हाताखालून गेलेलं असतं. तुमच्या आणि माझ्या वेळी ती परीक्षा झाली की प्रमाणपत्र फायलीत आणि रंगपेटी माळ्यावर. आता महाराष्ट्रात दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे बसणाऱ्या मुलांची संख्या वाढली, पण गुण मिळाले की पेटी माळ्यावर जातेच. लेकीच्या बाबतीत ‘उरकून टाक’ हा शब्द तुम्हाला खटकला, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत, असा माझा अंदाज आहे.

यावर भाषण देत नाही. एक काम सुचवते. अशा शाळांमध्ये पालकांना वर्षाला काही तास स्वयंसेवा करावी लागते. बहुतेक पालक खाऊच्या टेबलावर उभे राहतात. तुम्ही सेट रंगवायच्या शनिवारी नाव द्या. जुने कपडे घालून जा. फ्लॅटवर विटांची भिंत रंगवायची असेल, छायाप्रकाश टाकायचा असेल, तर स्थिरचित्र शिकलेला हात तिथे फार उपयोगी पडतो. मात्र लेक ज्या गटात काम करत असेल त्यापासून लांबचा फ्लॅट घ्या. चौदाव्या वर्षी आई शेजारी उभी असणं कुणालाच आवडत नाही.

शेवटचा प्रश्न, उद्या ती म्हणाली की कलाच करायची, तर. आज त्याचं उत्तर द्यायची गरज नाही. तो निर्णय अकरावीच्या मध्यावर येतो आणि तोवर तुमच्याकडे तिची कामं असतील, ज्यांच्याकडे बघून बोलता येईल. तेव्हा नॅशनल पोर्टफोलिओ डेला तिला घेऊन जा. तिथे कला-महाविद्यालयांचे लोक मुलांची कामं समोर बसून बघतात आणि स्पष्ट सांगतात, आणि ते ऐकण्यासाठी प्रवेश घ्यावा लागत नाही. तुम्ही राहता त्या परिसरात व्हॅलेन्सियाचं कॅलआर्ट्स, पॅसाडिनाचं आर्टसेंटर, ओटिस आणि यूसीएलए आहेत. म्हणजे मुलगी घरापासून फार लांब न जाताही पुढे जाऊ शकते. नाटकासाठी ऑडिशन असते, चित्रकलेसाठी पोर्टफोलिओ. यूसीएलएसारख्या ठिकाणी नेहमीच्या अर्जाबरोबर हे वेगळं द्यावं लागतं आणि त्याच्या तारखाही वेगळ्या असतात, त्या चुकवू नका. फी जास्त असलेल्या खासगी कला-महाविद्यालयांच्या बाबतीत शिष्यवृत्तीचा आकडा कागदावर हातात आल्याशिवाय होकार देऊ नका. इथे यजमानांचा हिशोबीपणा खरा कामाला येईल, तो तोवर राखून ठेवा.

फॉर्म भरायच्या आधी काउन्सेलरना तीन गोष्टी विचारा : नाटकाचा हा कोर्स ‘एफ’च्या यादीत आहे का, दहावीत कम्प्युटर सायन्सला जागा नक्की मिळेल का, आणि नाटकाच्या वर्गातल्या मुलींना निर्मितीत उतरण्याची सक्ती आहे का. पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आलं की नाटकावर खूण करा. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर कथकच्या गुरूंना आजच फोन लावा.